जुना कौटुंबिक ट्रेलर: डागडुजी करून ठेवायचा की बदलायचा?

दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, विषय घरात निघाला की बोलणे फ्रिज, गाद्या, एसी आणि विटलेले पडदे यांवर जाते. तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. फ्रिज एका दिवसात बदलता येतो. भिंतीच्या आत कुजलेली चौकट, छतातून झिरपणारे पाणी आणि तडा गेलेली चासी यांचे तसे नसते. ट्रेलर ठेवायचा की नाही हे सांगाड्यावरून ठरवायचे असते, सामानाचा विचार त्यानंतर. म्हणून पुढची तपासणी याच क्रमाने करा: आधी पाणी, मग चासी आणि चाके, मग वजन, आणि शेवटी आतली यंत्रे. सुरुवातीलाच सांगाडा नापास झाला तर पुढचे सगळे पैसे वाचतात.

तपासणीसाठी एक अख्खा दिवस ठेवा. जवळ हवे ते असे: लाकडातली ओल मोजणारा पिनवाला मीटर, जोरदार टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, मल्टिमीटर, शिडी, जॅक, दोन भक्कम स्टँड, चाकांना लावायचे अडथळे, फवारणीच्या बाटलीत साबणाचे पाणी आणि वही-पेन. मीटर महागडा लागत नाही, पण त्याच्याशिवाय तपासणीला अर्थ नाही.

आधी भिंत ओळखा

एकच गळती दोन प्रकारच्या भिंतींत अगदी वेगळा खर्च काढते. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पन्हळी पत्रा असेल तर आत सुमारे 38 मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये काचलोकर आणि आतल्या बाजूला पातळ प्लाय असतो. अशी भिंत उघडता येते. पत्रा सोडवायचा, कुजलेली पट्टी कापायची, नवी बसवायची, काचलोकर बदलायची आणि पत्रा परत लावायचा. काम कष्टाचे आहे, पण सुतारकामाची सवय असलेला माणूस घरी करू शकतो.

बाहेरची भिंत गुळगुळीत, चकचकीत असेल तर ती बहुधा लॅमिनेटेड असते. फायबरग्लासचा पातळ थर, त्यामागे पातळ प्लाय, मग फोम आणि आतला प्लाय असे सगळे गोंद लावून दाबून एकजीव केलेले असते. यात पाणी शिरले की गोंद सुटतो आणि भिंत फुगते. हा सुटलेला थर पुन्हा कारखान्यासारखा चिकटवणे जवळपास अशक्य आहे. त्यामुळे दिसायला साधा, जुनाट पन्हळी ट्रेलर अनेकदा वाचवण्यासारखा निघतो आणि त्याच वयाचा चकचकीत ट्रेलर निघत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे दोन साच्यांतून काढलेले जाड फायबरग्लासचे कवच. त्याला सांधे फार कमी असतात, भिंतीत कुजायला लाकूड नसते. असा ट्रेलर जुना झाला म्हणून काढून टाकण्याची घाई करू नका. मात्र त्याचीही जमीन बहुतेक वेळा लाकडाचीच असते, ती तपासावीच लागते.

ओल शोधणे

पाणी वरून शिरते आणि खाली जाऊन बसते, त्यामुळे डाग दिसतो तिथेच गळती असेल असे नाही. ट्रेलरचा एक साधा आराखडा वहीत काढा आणि मीटरचा प्रत्येक आकडा त्याच्या जागी लिहा. मोजायच्या जागा: चारही कोपरे वरून खालपर्यंत, प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन टोकांजवळ, छतावरच्या प्रत्येक झरोक्याभोवती, दाराच्या उंबऱ्याजवळ, चाकांच्या पेट्यांभोवती, आणि पुढच्या-मागच्या भिंतीचा जमिनीलगतचा पट्टा. खाटेखालचे कप्पे आणि कपाटांचे मागचे कोपरे रिकामे करून टॉर्च मारा. कुजणे तिथून सुरू होते, कारण तिथे वारा लागत नाही आणि कोणी वाकून बघत नाही. पिनांची दोन बारीक भोके राहतात, म्हणून शक्यतो झाकल्या जाणाऱ्या जागी मोजा. बिनपिनचा मीटर वापरत असाल तर भिंतीतला धातू किंवा फॉइल त्याला फसवते. एकटाच उंच आकडा आला तर शेजारी पुन्हा मोजा.

आकड्यांचा अर्थ असा लावा. 15 टक्क्यांपर्यंत लाकूड कोरडे समजा. 15 ते 20 मध्ये संशय घ्या आणि काही कोरडे दिवस गेल्यावर परत मोजा. 20 च्या वर आकडा टिकून राहत असेल तर बुरशीला लाकूड कुजवण्याइतके पाणी मिळते आहे, म्हणजे कुठेतरी गळती चालू आहे. 28-30 च्या आसपास लाकडाचे तंतू पाण्याने पुरते भरलेले असतात. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबा. लाकूड दबले तर ते गेले.

मीटरपेक्षाही जास्त सांगणारी एक खूण आहे. बाहेरच्या कोपऱ्यावर उभी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्या खाचेत विनाइलची फीत बसवलेली असते. फीत खालच्या टोकाकडून हात-दीड हात ओढून काढा. आत स्क्रूंची रांग दिसेल. त्यातला सर्वांत खालचा स्क्रू हाताने सोडवा. तो घट्ट असेल आणि आटे चकचकीत निघाले तर मागचे लाकूड कोरडे आहे. आटे गंजून बारीक झाले असतील आणि त्यांना काळपट, ओलसर भुसा चिकटून आला तर कोपऱ्याची चौकट कुजायला लागली आहे. स्क्रू जागच्या जागी गरगर फिरत राहिला तर त्याला धरायला लाकूडच उरलेले नाही. चारही कोपऱ्यांत हे करायला अर्धा तास लागतो आणि बाहेरून सुंदर दिसणाऱ्या ट्रेलरची खरी अवस्था कळते.

लॅमिनेटेड भिंतीसाठी संध्याकाळी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा टाका. फुगवटे सावलीसकट उठून दिसतात. बोटाच्या पेराने ठोकत जा, सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. तळहाताएवढा कोरडा फुगवटा गोंद टोचून, दाब देऊन बसवता येतो, तोही गळती आधी बंद केली असेल तरच. फुगवटा खिडकीपासून जमिनीपर्यंत पसरला असेल तर अख्खा पॅनेल बदलावा लागतो, आणि जुन्या ट्रेलरला तो खर्च सहसा परवडत नाही.

जमिनीवर टाच रोवत चाला. दार, सिंक, संडास आणि मागची भिंत यांच्याजवळ ती लवचीक वाटली तर खाली जाऊन पाहा. बऱ्याच ट्रेलरच्या पोटाखाली प्लास्टिकचे आवरण असते. ते फुगून लोंबत असेल तर आत पाणी साचले आहे. मधल्या भागातली हात-दोन हात जागा खराब असेल तर आडव्या पट्ट्यांपर्यंत कापून त्याच जाडीचा नवा प्लाय बसवता येतो. जमीन बाहेरच्या भिंतीखाली कुजली असेल तर प्रकरण गंभीर आहे, कारण भिंत जमिनीवर उभी असते आणि जमीन बोल्टने चासीला धरलेली असते. हा सांधा गेला की प्रत्येक खड्ड्यात घर आणि चासी वेगवेगळे हलतात.

गळती नेमकी कुठून, हे कळत नसेल तर छताच्या झरोक्यात ब्लोअर बसवून आत हलका दाब तयार करतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फवारतात. जिथे बुडबुडे, तिथे फट. ही चाचणी करून देणारे मिळाले तर जरूर करून घ्या. पाइप लावून पाणी मारत बसण्यापेक्षा ती कितीतरी नेमकी असते.

छत जुने पण लाकूड कोरडे असेल तर

ही सर्वांत चांगली बातमी. रबरी छतावरचे सीलंट तडकणे हे नेहमीचे देखभालीचे काम आहे, त्यासाठी ट्रेलर बदलायचा नसतो. सुटलेले, उकललेले सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पृष्ठभाग धुऊन पूर्ण वाळवा. आडव्या जागी आपोआप पसरणारे लॅप सीलंट आणि उभ्या जागी न ओघळणारे सीलंट लावा. खिडक्या आणि कोपऱ्याच्या पट्ट्यांमागचा ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वीस वर्षांत कडक होऊन भेगाळतो. त्यावर बाहेरून सीलंटची रेघ ओढणे ही मलमपट्टी झाली. खिडकी काढून जुना टेप पूर्ण खरवडून नवा लावला तरच काम टिकते. एक खिडकी काढून बसवायला अर्धा दिवस धरा.

सिलिकॉन वापरू नका. ते वरवर घट्ट वाटते, पण जुन्या सिलिकॉनवर पुढे कुठलेच सीलंट नीट चिकटत नाही आणि त्याचा शेवटचा थर काढणे जिकिरीचे होते. ईपीडीएम रबराच्या छतावर पेट्रोलियमजन्य क्लीनरही नकोत, रबर फुगते. छत ईपीडीएमचे आहे का ते ओळखायला ओले बोट घासून पाहा, जुन्या ईपीडीएमवरून पांढरी भुकटी निघते. छतावर चढावे लागले तर गुडघ्यांखाली प्लायचा तुकडा ठेवा. आणि छत चालताना दबत असेल तर थांबा. रबराखालचा प्लाय गेला आहे, तिथे नवा थर चढवून काही उपयोग नाही.

चासी आणि चाके

चासीवरचा लालसर गंज घाबरण्यासारखा नसतो. तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर आणि रंग लावून तो थांबतो. पापुद्रे सुटणारा गंज वेगळा. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला आणि लोखंडाच्या पट्ट्या गळाल्या तर जाडी कमी झाली आहे. सर्वांत बारकाईने पाहायच्या दोन जागा: पाट्यांचे (लोखंडी स्प्रिंगांचे) हँगर जिथे चासीला वेल्ड केलेले असतात ती, आणि पुढचा त्रिकोणी भाग जिथे घराखाली शिरतो ती. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून ओघळलेला गंज दिसला तर तो तडा आहे. तडा वेल्ड करता येतो, पण तो कामाला सरावलेल्या वेल्डरकडूनच, आतून पट्टी जोडून, आणि तडा का गेला हे कळल्यावरच. बहुतेक वेळा कारण जास्तीचे वजन असते. तसेच ठेवून नुसते वेल्डिंग केले तर शेजारी नवा तडा जातो.

चासी वाकत असल्याच्या खुणा घरातही दिसतात: दार घासते, दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, खालच्या पट्टीचे स्क्रू तुटलेले सापडतात.

चाकांचा सगळा भाग झिजण्यासाठीच असतो. त्याच्या खर्चाने दचकून ट्रेलर विकू नका, कारण जुना ट्रेलर बदलून दुसरा जुना आणला तरी हा खर्च बहुधा करावाच लागतो. टायरची नक्षी छान दिसते म्हणून विसंबून राहू नका, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर उत्पादनाचे चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पाच ते सात वर्षे झाली की नक्षी कितीही असो, बदला. आतल्या कडेने जास्त झीज झाली असेल तर अ‍ॅक्सल वाकला आहे किंवा भार जास्त आहे. नुसते नवे टायर घातले तर तेही तसेच जातील.

चाक उचलून हाताने फिरवा आणि वर-खाली हलवून पाहा. घरघर किंवा ढिलेपणा असेल तर बेअरिंग उघडा. ती वर्षातून एकदा किंवा सुमारे 19-20 हजार किलोमीटरला धुऊन नव्याने ग्रीस भरायची असतात. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर वायर सोडून प्रत्येक मॅग्नेटचा रोध मोजा. साधारण 3 ते 4 ओहम यायला हवा. अगदी शून्याजवळ असेल तर आत शॉर्ट आहे, अनंत असेल तर तार तुटली आहे. ट्रेलर गाडीपासून अचानक सुटल्यास ब्रेक लावणाऱ्या स्विचची पिन ओढून चाके खरोखर अडतात का तेही तपासा. या स्विचला स्वतःची बॅटरी असते आणि ती मेलेली असणे फार सर्रास आढळते.

पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये शॅकलच्या (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीच्या) बोल्टांवरचे नायलॉन बुश झिजून लोखंडावर लोखंड घासू लागते. बोल्टचे भोक लांबट झाले असेल तर शॅकल, बुश आणि बोल्ट सगळेच बदला. ब्रॉन्झ बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट घातले तर पुढची बरीच वर्षे निभतात. थोड्या खर्चात इतका फरक पाडणारी सुधारणा या वाहनात दुसरी नाही. रबर टॉर्शनचा अ‍ॅक्सल असेल तर आतले रबर वयाने कडक आणि बसके होते, त्याची दुरुस्ती नसते, अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो. पण तो बोल्टने बसणारा असेल तर एका दिवसाचे काम आहे.

वजनाचा हिशेब

सांगाडा पास झाला तरी बरेच जुने ट्रेलर इथे अडकतात, आणि या टप्प्यावर कोणी थांबत नाही याचे वाईट वाटते. दारापाशी किंवा पुढच्या बाजूला लावलेल्या पाटीवर कमाल एकूण वजन असते. माहितीपत्रकातले रिकामे वजन खरे मानू नका. नंतर बसवलेला एसी, सावलीचे कापड, जादा बॅटरी यांचा त्यात समावेश नसतो. ट्रेलर प्रवासाला भरतो तसा भरून वजनकाट्यावर न्या. आधी गाडीपासून सोडवून, चाकांना अडथळे लावून, पुढच्या जॅकसकट अख्खा ट्रेलर काट्यावर ठेवा आणि आकडा लिहा. मग फक्त चाके काट्यावर आणि जॅक काट्याबाहेर अशा तऱ्हेने मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडण्याच्या जागी, येणारा भार.

एक उदाहरण घ्या. पाटीवर कमाल 2,950 किलो, माहितीपत्रकात रिकामे 2,300. कागदावर 650 किलोची मुभा. काट्यावर रिकामा ट्रेलर 2,430 भरला, म्हणजे मुभा उरली 520. पिण्याच्या पाण्याची 150 लिटरची टाकी भरली की 150 किलो, दोन भरलेले गॅस सिलिंडर साधारण 34, चौघांचे कपडे, भांडी, अंथरूण, खेळणी, खुर्च्या मिळून 250. उरले 86 किलो. आता यात सौर पॅनेल, जनरेटर, जादा बंक खाट आणि मागे सायकलींचा स्टँड घालायचा विचार असेल तर ट्रेलर सुधारण्याच्या नादात तो मर्यादेबाहेर जातो. टायर आणि पाटे दणकट घालून पाटीवरची मर्यादा वाढत नाही, कारण ती चासी, अ‍ॅक्सल आणि ब्रेक यांवरही ठरलेली असते.

हिचवरचा भार अमेरिकी बांधणीच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के ठेवतात; युरोपीय कॅराव्हॅनमध्ये 5 ते 7 टक्के धरतात आणि ओढणाऱ्या गाडीची मर्यादाही पाळतात. भार यापेक्षा कमी पडला की ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो. हे ध्यानात ठेवण्याचे कारण असे की कुटुंब वाढले की लोक मागच्या टोकाला बंक खाटा करतात, त्याखाली सामान कोंबतात, वर सायकली टांगतात, आणि पुढचा भार नकळत हलका होतो.

हिशेबाची दुसरी बाजू ओढणाऱ्या गाडीची. अनेकदा गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेआधी तिची सामान-माणसे वाहण्याची मर्यादा संपते, कारण हिचवरचा भारही त्यातच मोजला जातो. नव्या, मोठ्या ट्रेलरसाठी नवी गाडीही घ्यावी लागणार असेल तर ती किंमत बदलण्याच्या खात्यात लिहा.

आतली यंत्रे

इथवर ट्रेलर टिकला तर आता मनासारखे सुधारायला हरकत नाही. तरी काही गोष्टी ऐच्छिक नाहीत. गॅसचा रेग्युलेटर आणि रबरी नळ्या वयाने बदला. गॅसगळतीचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर यांच्या मागे मुदत छापलेली असते, बहुतेकांचे आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते. बटण दाबल्यावर वाजतो म्हणून डिटेक्टर चांगला असे समजू नका, बटण फक्त भोंगा तपासते. फर्नेसच्या (आतली हवा गरम करणाऱ्या यंत्राच्या) उष्णता-विनिमयकाला तडा असेल तर फर्नेस बदलायचीच, जोडकाम नको. बाहेरून वीज घेण्याच्या प्लगची पाती तपकिरी किंवा वितळलेली असतील तर प्लग, सॉकेट आणि मागची वायर सगळे पाहा.

1978 ते 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या ट्रेलरमध्ये करड्या रंगाचे पॉलिब्युटिलीनचे पाइप असू शकतात. ते जोडांपाशी दगा देतात. एकेक जोड बदलत बसू नका, एकदाच सगळीकडे पेक्स (लवचीक प्लास्टिकचे) पाइप टाका.

शोषण तत्त्वावर चालणाऱ्या जुन्या फ्रिजच्या मागे पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर त्याचे शीतक युनिट संपले. त्याजागी 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवता येतो. तो तिरक्या जागीही चालतो आणि लवकर थंड होतो, पण दिवसाला साधारण 40 ते 60 अँपिअर-तास खातो. म्हणजे फ्रिजसोबत बॅटरी आणि चार्जिंगही बदलणे आले. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळपास पूर्ण वापरता येते आणि 100 अँपिअर-तासाला वजन निम्म्याहून कमी असते. मात्र जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारे यंत्र) तिला लागणारा 14.2 ते 14.6 व्होल्टचा दाब देत नाही, तोही बदलावा लागतो, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही. जुन्या फ्रिजची गॅसलाइन जाणकाराकडून बंद करून घ्या, आणि त्याचा छतावरचा झरोका पक्का बुजवा. नको असलेले प्रत्येक भोक ही पुढची गळती असते. सौर पॅनेलच्या स्क्रूंनाही हेच लागू.

दिव्यांचे काम सगळ्यात स्वस्त आणि लगेच जाणवणारे. जुना 18 वॅटचा बल्ब दीड अँपिअर खातो, तेवढ्याच उजेडाचा एलईडी त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शात भागवतो.

कुटुंब मावते का

मांडणीचा प्रश्न पैशाने सुटेलच असे नाही. बंक खाटेवरची वजनमर्यादा वाचा. अनेक खाटांवर ती 68 किलोच्या आसपास असते, आणि सहा वर्षांचे मूल पंधरा वर्षांचे होते तेव्हा उंची आणि वजन दोन्ही खाटेच्या मर्यादेपुढे जाऊ शकतात. जेवणाच्या टेबलाची जागा काढून खाट करता येते, पण चाकांच्या पेट्या, टाक्या, फर्नेसच्या नळ्या आणि काही ठिकाणी छताला आधार देणारी आतली भिंत हलवता येत नाही. नव्या झोपण्याच्या जागेजवळ बाहेर पडता येईल अशी खिडकी हवीच. हे बसत नसेल तर सांगाडा कितीही चांगला असला तरी तो ट्रेलर आता तुमच्या कामाचा राहिलेला नाही, दुसऱ्या लहान कुटुंबाच्या कामाचा आहे. घरात कोणाला दमा असेल आणि भिंतीत बुरशीचा वास मुरलेला असेल तर वाद घालू नका, बदला.

आकडे मांडा

वहीत तीन याद्या करा. पहिली सुरक्षिततेची: सांगाडा, ब्रेक, टायर, गॅस, वीज. दुसरी वापरासाठी लागणारी: पाणी, फ्रिज, गरम-थंड हवा. तिसरी हौसेची. कुजलेल्या लाकडाच्या कामावर अंदाजाच्या वर निदान निम्मा खर्च आणि वेळ जादा धरा, कारण भिंत उघडल्यावर कूज नेहमी दिसली त्याहून लांब गेलेली असते.

समोरच्या खात्यात लिहा: बदली ट्रेलरची किंमत, वजा आहे त्या स्थितीत तुमच्या ट्रेलरला मिळणारी रक्कम, अधिक त्या बदली ट्रेलरलाही लागणारे टायर, बेअरिंग, बॅटरी, अधिक विमा, कर, कर्जाचे व्याज आणि गरज पडल्यास गाडी. कर्ज घेत असाल तर नव्या ट्रेलरची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते हेही धरा. सुधारणेवर घातलेले पैसे विकताना परत येतील असे मात्र धरू नका. नवी बॅटरी आणि गाद्या यांनी ट्रेलर लवकर विकला जातो, महाग विकला जात नाही.

आमचा ठोकताळा असा. पहिल्या दोन याद्यांचा खर्च तशाच चांगल्या अवस्थेतल्या ट्रेलरच्या किमतीच्या एक-तृतीयांशाच्या आत असेल आणि लाकूड कोरडे असेल तर बिनदिक्कत ठेवा. निम्म्याच्या वर जात असेल तर बदला. मधल्या पट्ट्यात निर्णय दोन गोष्टींवर ठरतो: काम करायला छप्पर असलेली जागा आहे का, आणि भिंत उघडणारे हात घरातलेच आहेत का. दोन्हींचे उत्तर हो असेल आणि भिंत पन्हळी पत्र्याची असेल तर दुरुस्त करा. लॅमिनेटेड भिंत मोठ्या भागात फुगली असेल तर या पट्ट्यातही बदलणेच बरे.

ठेवायचे ठरले तर क्रम मोडू नका. आधी गळती बंद, मग लाकूड, मग चाके-ब्रेक, मग गॅस-वीज-पाणी. यानंतर एक लांबचा प्रवास आणि एक पावसाळी मोसम जाऊ द्या, ओलीचे आकडे पुन्हा घ्या, आणि कोरडे आले तरच नवी जमीन, रंग आणि पडदे यांना हात लावा.

बदलायचे ठरले तर

वापरलेला ट्रेलर पाहायला पावसानंतर जा आणि मीटर सोबत न्या. एकाच कोपऱ्यात ताजे सीलंट, एकाच भिंतीवर नवा प्लाय किंवा वॉलपेपर, नुकतीच अंथरलेली विनाइल जमीन आणि अत्तराचा उग्र वास या चारांपैकी दोन एकत्र दिसले तर तिथे आधी मीटर टेकवा. कोपऱ्याचा स्क्रू काढू देत नसतील तर पुढे जा. सरकत्या बाजूचा ट्रेलर असेल तर ती बाजू पूर्ण बाहेर काढून तिच्या जमिनीची खालची कड हाताने चाचपा. पाणी तिथेच मुरते, आणि आतून काही दिसत नाही.

कोरा ट्रेलर घेतला तरी ताब्यात घेण्याआधी टाक्या भरून, पंप चालवून, फ्रिज, फर्नेस, पाणी तापवणारे यंत्र आणि एसी काही तास सलग चालवून पाहा. पहिल्या वर्षात सैल जोड आणि सुटलेले सीलंट सापडणे नेहमीचे आहे. हमीच्या मुदतीत छताची तपासणी दोनदा करा आणि फोटो ठेवा.

जुना विकताना ओल कुठे आहे ते खरेदीदाराला आराखड्यासह दाखवा. त्यात लहान मुलांना झोपवले जाणार आहे, एवढे कारण पुरेसे आहे. चौकट पुरती गेली असेल तर अख्खा विकण्यापेक्षा सुटे भाग जास्त देतात: एसी, खिडक्या, दार, सावलीचे कापड, पाणी तापवणारे यंत्र, टाक्या, अ‍ॅक्सल. गॅस आणि बॅटरी सर्वांत आधी सोडवा, मग छतावरचे भाग, मग खिडक्या. घर उतरवल्यावर चासी निरोगी असेल तर सपाट मालवाहू ट्रेलर करणारे ती घेतात, पण त्यासाठी नोंदणीची कागदपत्रे आणि चासी क्रमांकाची पाटी जपून ठेवावी लागते.